यात बॅगपाइप नाही

"सांगून ठेवतो, यात बॅगपाइप नाही."

दर गुरुवारी दुपारी लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत, पडद्यासमोर उभं राहून, ते पहिलं वाक्य हेच बोलायचे. मग चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसायचे आणि पुढचं सांगायचे. "किल्ला नाही. घागरा घातलेले पुरुष नाहीत. भूत नाही. व्हिस्की आहे, पण ती पिऊन कोणी शहाणं होत नाही. ज्यांना जायचं त्यांनी आत्ताच जावं, मधे खुर्च्या सरकवू नये."

जायचं कोणी नाही. जाणार कुठे? इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आम्हां म्हाताऱ्यांना मुलं-सुना सोडून जातात आणि स्वतःच्या मीटिंगा संपल्या की न्यायला येतात. तोवर आम्ही तिथे अडकलेले. तुमच्याकडेही ज्येष्ठांचा असा एखादा गट असेलच, तुम्हाला मी वेगळं काय सांगू? आमच्या मराठी मंडळाच्या गटात त्यांच्या आधी भजन होतं, अंताक्षरी होती, आणि दर दोन महिन्यांनी तेच डॉक्टर येऊन मधुमेहावर तेच बोलायचे, त्यानंतर आम्ही लाडू खायचो.

हे सिनेमावाले काका मूळचे नागपूरचे. ग्लासगोत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनियर होते, सगळी नोकरी तिकडेच झाली. बायको गेल्यावर मुलीने इकडे आणलं. आल्या आल्या मंडळाला म्हणाले, मी स्कॉटलंडचे सिनेमे दाखवतो. आमच्या अध्यक्षीणबाईंना वाटलं, वा, घरबसल्या सहल! त्यांनी इंटरनेटवरून एक किल्ला आणि एक घागरेवाला काढून पोस्टर केलं. ह्यांनी ते बघितलं आणि किल्ल्यावर एक चिठ्ठी चिकटवली: 'हा किल्ला सिनेमात नाही.'

पहिला सिनेमा दोन बहिणींचा. मासे साफ करायच्या कारखान्यात शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. दीड तास मासे. आमच्यातले निम्मे शाकाहारी.

"अहो काका, डोंगर कधी येणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"डोंगर रविवारी असतात. सिनेमात आज मंगळवार आहे."

सिनेमा संपला की दिवे लावायचे आणि आवडला का ते कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "काय दिसलं?"

"मला झोप लागली," एक आजोबा म्हणाले.

"बरं. झोपेत काय दिसलं?"

सिनेमांची इंग्रजी नावं आमच्या लक्षात राहायची नाहीत. आम्ही आपले 'मासेवाल्या', 'पोहणारी', 'हजामतवाला' म्हणायचो. पोहणारी म्हणजे पन्नाशीची एक शाळामास्तरीण. म्युनिसिपालटीच्या तलावात पोहायला शिकते, आणि अख्ख्या सिनेमात तिला पोहायला येत नाही. हजामतवाला म्हणजे बोटींच्या कारखान्यातून काढलेला माणूस, जो जिन्यात खुर्ची टाकून शेजाऱ्यांचे केस कापायला लागतो. वाईट कापतो. शेजारी तरी येतात, कारण कापताना तो काही विचारत नाही. कुठे मिळाले तर बघा तुम्ही. डोंगर बघायचे असतील तर कॅलेंडर आहेच.

त्या लोकांचं इंग्रजी म्हणजे मात्र कमाल. खाली अक्षरं लावल्याशिवाय कळायचं नाही. माझी सून इथेच जन्मलेली, माझं इंग्रजी प्रेमाने सुधारत असते. एकदा लवकर न्यायला आली आणि शेजारी बसली. चष्मा घरी विसरली होती. जरा वेळाने माझ्या कानाशी लागली, "आई, what did he say?" मी खालचं वाचून तिला सांगितलं. अमेरिकेत आल्यापासून मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

आता आमचीच गंमत सांगते. गावात पार्कात दरवर्षी सगळ्या देशांची जत्रा भरते. आमची मीटिंग झाली. आधी अर्धा तास सगळे चिडले, की हे अमेरिकन लोक आपल्याला काय समजतात! कुणाला ऑफिसात विचारलं होतं, तुम्ही हत्तीवर बसलायत का? कुणाला विचारलं, तुमचं लग्न आईबापांनी लावलं का? (लावलं होतं, पण विचारायचं कशाला?) चिडून झालं, चहा झाला, आणि मग स्टॉलचं एकमताने ठरलं: नऊवारी, नथ, फेटे, लेझीम आणि मधोमध पुठ्ठ्याचा किल्ला.

जत्रेच्या दिवशी हे आले. हात मागे बांधून किल्ल्याभोवती एक चक्कर मारली.

"किल्ला आहे वाटतं," एवढंच म्हणाले, आणि वडापाव घेऊन बाकावर जाऊन बसले.

त्यांना टोमणे मारता यायचे, पण ते कारण नसताना मारायचे नाहीत. हे बौद्ध. मार्च संपत आला की अध्यक्षीणबाईंचा फोन ठरलेला, "काका, एप्रिलमधल्या जयंतीला तुम्हीच बोलायचं हं! तुमच्याशिवाय कोण?" एरवी दिवाळी अंकाला लेख मागायचा, नाट्यवाचन ठरवायचं, नव्या घराची वास्तुशांत, यात ह्यांची आठवण कुणाला नाही. एका वर्षी माझ्या समोरच फोन आला. शांतपणे म्हणाले, "बोलतो की. आनंदाने बोलतो. पण बाई, मी बारा महिने असतो." बाईंना वाटलं ते तब्येतीचं सांगतायत. म्हणाल्या, "हो हो, काळजी घ्या!"

मी गुडघ्यांमुळे पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी उठायची. ते पसारा आवरायचे तेवढ्या वेळात आमच्या गप्पा व्हायच्या. मी भाऊ म्हणायची, ते ताई म्हणायचे. एकदा असंच वायर गुंडाळताना म्हणाले, "ताई, एक सिनेमा मी अजून दाखवला नाही."

"का हो?"

"त्यात माझी बायको आहे."

मला वाटलं नटी होती की काय. तर तसं नव्हतं. ग्लासगोत ह्यांच्या घराखाली एक लाँड्री होती, यंत्रांत नाणी टाकून कपडे धुवायची. तिथे सिनेमाचं शूटिंग आलं. दिग्दर्शकाला मागे बसायला गिऱ्हाइकं हवी होती, म्हणून वरच्या मजल्यावर विचारलं. हे दोघं तयार झाले. कपडेपटवाली मुलगी वहिनींसाठी लालभडक जरीची साडी घेऊन आली आणि ह्यांच्यासाठी फेटा.

"तिने साडीकडे बघितलं," ते म्हणाले, "आणि त्या मुलीला म्हणाली, मी धुणं धुवायला आलेय, लग्नाला नाही."

मग घरच्या कपड्यांतच दोघं उभे राहिले. सिनेमाच्या अगदी शेवटाकडे आहे तो प्रसंग. वायर गुंडाळून झाली होती, तरी ते ती परत सोडून गुंडाळायला लागले.

"फोटो पुष्कळ आहेत हो तिचे. पण चालणारी, हलणारी अशी ती तेवढीच आहे. तुम्ही लोकांनी तिला बघावं असं फार वाटतं. पण आधी तुम्हाला बघायची सवय व्हायला हवी होती."

म्हणजे मासे, तलाव, हजामत, हे सगळं आमची तयारी करून घेणं होतं!

मग मुलीची बदली झाली. ईडन प्रेरीला, मिनेसोटात. ह्यांना जाणं भाग होतं. शेवटचा गुरुवार ठरला आणि त्यांनी जाहीर केलं, 'लाँड्रीवाली' दाखवतो. कारण फक्त मला ठाऊक. खोली चार वाजेपर्यंत आमची, त्यानंतर विणकामाच्या बायकांची. दोनला सुरू केला असता तर चहा पिऊनही संपला असता.

पण मंडळ म्हटलं की निरोप समारंभ आलाच. लायब्ररीत ज्योत लावायला बंदी, म्हणून बॅटरीची समई आणली, तिचे सेल संपलेले. सेल येईपर्यंत स्वागतगीत. मग अध्यक्षीणबाईंचं भाषण. "अशा समाजातून पुढे येऊनसुद्धा काकांनी एवढी मजल मारली," असं म्हणाल्या आणि टाळ्यांसाठी थांबल्या. त्या 'सुद्धा'पाशी ह्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. चांगला स्वच्छ होता चष्मा. मी घड्याळाकडे बघत होते.

मग शाल-श्रीफळ. शाल काय, तर लाल-हिरव्या चौकड्यांची, खास स्कॉटिश, ऑनलाइन मागवलेली. ती ह्यांच्या खांद्यावर, नारळ हातात.

"आणि आता," बाई म्हणाल्या, "काकांसाठी एक सरप्राइज!"

दार उघडलं. आत आला एक धिप्पाड, लालबुंद माणूस. घागरा, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि काखेत बॅगपाइप.

अहो, ते वाद्य डोंगरावर वाजवायचं. तळघरातल्या बंद खोलीत त्याने फुंकर मारली तसे आमच्या गटातले कानातली मशिनं भराभरा काढायला लागले. लायब्ररीतली बाई जिन्यावरून धावत आली. त्याचे डोळे मिटलेले. तीन गाण्यांचे पैसे ठरलेत म्हणजे तीन वाजवणार, प्रामाणिक माणूस.

तीन वर्षं दर गुरुवारी जो माणूस 'यात बॅगपाइप नाही' म्हणत आला, त्याच्यासाठी आम्ही वर्गणी काढून बॅगपाइप आणला होता. आणि प्रेमाने आणला होता हो, हेच तर वाईट.

ह्यांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. तो म्हणाला, "स्कॉटलंडात कुठले तुम्ही?"

"नागपूर. तुम्ही?"

तो म्हणाला, शेजारच्याच गावचा, आजी पोलंडची, स्कॉटलंडला एकदा जायचं आहे. त्या दिवशी त्या खोलीत स्कॉटलंड बघितलेला माणूस एकच होता, आणि त्याचा सिनेमा राहिला होता.

लागला शेवटी. लाँड्रीवाली बाई दुकान बंद करायला निघालीय, गिऱ्हाइकांना सांगायचं धाडस होत नाही. आम्ही रंगलो होतो, खरंच. तेवढ्यात दारात विणकामाच्या बायका, सुया-लोकरीच्या पिशव्या घेऊन. चार वाजले. अध्यक्षीणबाईंच्या कानात मी सांगितलं, शेवटी काय आहे ते.

"अगं बाई! मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही भाषण करत होता."

त्या मनाच्या वाईट नाहीत. एकदम उभ्या राहिल्या. "काका, फॉरवर्ड करा ना! वहिनींचा सीन तेवढा लावा, दोन मिनिटं!"

ह्यांचा हात बटणावर होता. मग त्यांनी डिस्क बाहेर काढली.

"नको. तेवढंच बघितलं तर साडीतली एक बाई दिसेल तुम्हाला. तुम्हाला ती दिसायला हवी."

जाताना डिस्क माझ्या हातात दिली. "पहिल्यापासून बघा, ताई. मधे चहाला उठू नका." शाल आणि नारळ मात्र खुर्चीवरच राहिले, चुकून की कसे, मी विचारलं नाही. लायब्ररीच्या हरवल्या-सापडल्याच्या पेटीत तो नारळ पुष्कळ दिवस होता. लायब्ररीतली बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, हे नक्की काय आहे?

ते गेल्यावरच्या गुरुवारी मी सगळ्यांना माझ्याच घरी बोलावलं, बेसमेंटमध्ये. अध्यक्षीणबाई सगळ्यांत आधी आल्या आणि गप्प बसल्या, हीच मोठी गोष्ट. सुनेने डिस्क लावून दिली. मी टीव्हीसमोर उभी राहिले. आता काय बोलायचं असतं ते ठाऊक होतंच.

"सांगून ठेवते, यात बॅगपाइप नाही."

कोणी हसलं नाही.

लाँड्रीचा शेवटचा दिवस. लाँड्रीवाली यंत्रं बंद करत येते. कोपऱ्यात दोन माणसं चादरीची घडी घालतायत. तो काटकुळा, डोक्यावर भरपूर केस, नुसता स्वेटर. ती फुलाफुलांच्या साडीत, वर तपकिरी कोट. तो चुकीचं टोक तिच्या हातात देतो. ती त्याच्याकडे न बघताच चादर ओढून घेते, झटकते, पुन्हा दोन टोकं त्याच्या हातात देते. तो पुन्हा चुकतो. तेव्हा मात्र ती त्याच्याकडे बघते आणि हसू आवरत नाही तिला. लाँड्रीवाली त्या बाजूचा दिवा मालवते. संपलं.

शेवटची पाटी लागली. मग मी मिनेसोटाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"काय दिसलं?" ते म्हणाले.

"भाऊ, तुम्हाला चादरीची घडी येत नाही."

"ते नाटक नव्हतं, ताई. ती खरंच चिडली होती."

बाई पुढे सरकल्या. मला धसका बसला, आता साडीबद्दल काहीतरी बोलणार. त्या म्हणाल्या, "काका, तिला तो कोट मोठा होत होता. तुमचा होता ना?"



"माझाच," ते म्हणाले. "तिचा ओला होता. मला थंडी वाजत नाही असं मी तिला सांगितलं होतं."

"वाजत होती?"

"ग्लासगो आहे, बाई."

सगळे हसले. तेही हसले. मग म्हणाले, "इथे लेकीकडे सगळ्या चादरींना इलॅस्टिक आहे. घडी कुणालाच येत नाही. गोळा करून कपाटात कोंबतात." आणि जरा थांबून, "तुमची घाई नसेल तर तो भाग परत लावता का? मी फोन धरून बसतो. त्या यंत्रांचा आवाज ऐकू येतो."

मी रिमोट उचलला. बाईंनी माझा हात धरला.

"तो भाग नको," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून लावा."

आम्ही फोन उचलून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला, टीव्हीकडे तोंड करून, आणि दिवे बंद केले.