वेंगो म्हणजे येतो
चपला भिजल्या की कातड्याचा जो ओला वास येतो, त्यानं मला आमच्या विहिरीवरची मोट आठवते. लढाई चालू होती आणि आमचे हे पलटणीतून रजेवर आले होते. इटालियन कैद्यांवर पहारा देताना त्यांनी एका कैद्याकडून ती भाषा वहीत उतरून घेतली होती, अन् आता पलटण त्याच मुलखात लढायला निघणार होती. मोट हाकताना हे क्रियापदं घोकायचे. बैल उतारावरून पुढं निघाले की जाण्याची रूपं, वादो, वाय, वा. बैल मागं सरू लागले की येण्याची, वेंगो, व्येनी, व्येने. पाटाचं पाणी वळवता वळवता मलाही ती पाठ झाली. रजा संपली त्या सकाळी पाटणच्या मोटारीत चढताना मला हसवायला हे म्हणाले, "वादो." मी मोटारीची दांडी घट्ट धरली. मी म्हणाले, "आवं, निघताना जातो म्हनत्यात व्हय? वेंगो म्हना." "अगं, तिकडं वादोच म्हनत्यात." "तिकडं म्हना. हितं न्हाई." मोटार सुरू झाली तरी मी दांडी सोडेना, तेव्हा हे हळूच म्हणाले, "वेंगो." पुढं दोन वर्षं कधी पत्र यायचं, कधी नाही. मग एका दुपारी मी उसाला पाणी देत असताना मागून आवाज आला, "सोनो वेनूतो." त्या भाषेतलं बरंचसं आता विसरले. पण येण्याचं हे रूप मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि अर्थ विचारायला मी थांबलेही नाही; पाणी वाटेल तिकडं जाऊ दिलं आणि पळत सुटले.