जस्ताचं मलम

समुद्राचं पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाईंना सगळे माघारी फौजदारीणबाई म्हणत. पाण्याचे नमुने आणायला सफरीवर जाणाऱ्या बाटल्या अ‍ॅसिडमध्ये धुऊन झाकणं लावणं हे त्यांचं काम. भरसमुद्रात जस्त असतं नावापुरतं; नुसतं बोट लागलं तरी मोजमापाचा बोजवारा. म्हणून त्यांच्या खोलीत अंगठी नाही, बांगडी नाही, आणि पावडरीत तर जस्तच असतं, ती नाहीच. हाताखालची नवी मुलगी एकदा पावडर लावून आली, तेव्हा "आधी तोंड धुऊन ये, मग बोल," म्हणून बाईंनी तिला चारचौघांत नळाशी पिटाळलं होतं.

यंदा बोट परतली आणि भरसमुद्राच्या पाण्यात बंदरापेक्षा जास्त जस्त निघालं. सगळी मेहनत मातीमोल.

"पावडरवालीला विचारा," बाई साहेबांसमोर म्हणाल्या.

मुलगी खाली मान घालून उभी राहिली. साहेबांनी पुढच्या सफरीतून तिचं नाव काढलं.

संध्याकाळी घरी सुनेनं आतून विचारलं, "आई, बाळाचं मलम संपलं का हो? सकाळी तुम्हीच लावता ना?"

बाईंनी ट्यूब उचलली. पांढरं, चिकट, कितीही धुतलं तरी नखाच्या कडेला उरणारं. जस्ताचं मलम. रोज सकाळी नातवाला ते चोपडून, हात कसेबसे पुसून त्या धावतपळत कामावर जात. त्याच बोटांनी हातमोजे चढवत, आणि त्याच हातमोज्यांनी झाकणं लावत.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "म्हणजे समुद्राच्या ढुंगणालाही मलम लावून आलीस की!"

बाईंना हसू आलं नाही. जेवणही गेलं नाही.

सकाळी त्यांनी साहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं. आरोप सगळ्यांदेखत केला होता, मग कबुली कोपऱ्यात कशी द्यायची? साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मुलीचं नाव परत घातलं.

"मला त्या मलमाचा वास यायचा, बाई," मुलगी हळूच म्हणाली. "माझ्या भाच्याला तेच लावतात."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलणारच होते. पण वाटलं, परत तोंड धुवायला पाठवाल."

बाईंची मान वर होईना. त्या नळाशी गेल्या आणि चारचौघांत कोपरापर्यंत हात घासू लागल्या. मुलगी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली. तो टॉवेल घेणं त्यांना सगळ्यात जड गेलं.