चिकट बोट

बायको आयसीयूत होती. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलेलं, तोंडात नळी, शुद्ध नाही. शुगर आधीपासूनचीच, त्यात या आजारानं ती फारच वर-खाली व्हायची. म्हणून इन्शुलिन मशिनमधून सतत चालू आणि तासातासाला बोट टोचून तपासणी. थेरगावच्या त्या हॉस्पिटलात दुपारी थोडा वेळ भेटायला सोडत.

त्या दिवशी माणहून आक्का, माझी थोरली बहीण आली. ग्रामदैवताचं पंचामृत तिनं औषधाच्या बाटलीत भरून आणलेलं.

"तिच्या हातावर घाल, व्हटाला लाव. आन न्हाई म्हनू नगंस. समदं काय तुज्या कंपनीवानी मशिनीव चालत न्हाई."

दारावरचा वॉचमन रोज बजावायचा, "बाहेरचं काही आत नाही हां, काका. सापडलात तर भेट बंद."

बाटली मी मोज्यात घालून नेली.

बायकोचा उजवा हात उघडून तळव्यावर थोडं ओतलं, तिचंच बोट बुडवून ओठांना टेकवलं, उरलेलं रुमालानं टिपलं. तेवढ्यात सिस्टर आली. पोरगीच होती, तीन पेशंट एकटीच्या गळ्यात. स्पिरिटचा बोळा घाईनं फिरवून तिनं नेमकं तेच बोट टोचलं. आकडा बघून थबकली.

"एकदम एवढी कशी वाढली? काही दिलंत का यांना, काका?"

"नाही."

घशात थेंबही गेला नव्हता, म्हणजे मी खोटं बोललो नाही, अशी पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घातली. पण चाकणला मी क्वालिटीत आहे. तेल पुसल्याशिवाय पार्ट मापाच्या गेजला लावायचा नाही, म्हणून पोरांवर ओरडणारा मीच. मशिननं बोटावरचा मध मोजलाय, हे मला तिथंच कळलं होतं. सिस्टरनं डॉक्टरांना फोन लावला, इन्शुलिन वाढवलं. मी बघत उभा.

वेळ संपली, दार लागलं. दाराशेजारच्या बेलवर हात ठेवला, दाबली नाही. बोललो तर भेट बंद, आक्काला सगळे बोल लावणार. आणि कदाचित काही होणारही नाही. आक्का शेजारी बसून म्हणत होती, "त्वांड कशापायी पाडलंस? आता उतार पडंल बघ." उठता येईना, बसवेना.

मग आत धावपळ सुरू झाली. पुढच्या तपासणीत साखर पार खाली गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं, म्हणून वाचली. पुढे घरीही आली. तिला मी हे आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवशी उघड्या दारातून डॉक्टरांचा आवाज येत होता, "बोट नीट पुसायला शिकवलं नाही का तुला? फिट आली असती तर?"

"सॉरी, सर."

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. डोळे लाल होते.

"आता ठीक आहेत, काका. माझंच चुकलं."

मी म्हणालो, "असू दे. होतं असं."