तिसरं पेडल

दुबईत अल नहदाला आमच्या इमारतीत एका फ्लॅटमागे एकच पार्किंग मिळायचं आणि आमच्या पार्किंगमध्ये माझी अमेरिकन गाडी उभी असायची. उभी असायची हेच खरं, कारण चालायची ती कमीच. दोन दारं, आठ सिलिंडर, आणि पुढचं नाक एवढं लांब की पिवळ्या पट्ट्याबाहेर हातभर यायचं. वॉचमन रोज म्हणायचा, "साब, थोडा पीछे लो." मी रोज त्याला मागची भिंत दाखवायचो.

ही गाडी मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घेतली. तेव्हा बर दुबईत चौघांच्या खोलीत राहायचो. मायदेशी परत चाललेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने ती मला जवळजवळ फुकटात दिली. किल्ली हातात ठेवताना तो म्हणाला, "गाडी उत्तम आहे. फक्त ऑटोमॅटिक आहे, तेवढंच वाईट." पुढची अकरा वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ऑफिसात त्यात भर पडायची. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, मूळचा दादरचा, दर काही दिवसांनी विचारायचा, "काय रे, ताकदीची गाडी आणि ऑटोमॅटिक? म्हणजे पैलवानाला पाळण्यात घालून झोके देण्यासारखंच की." सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येताना सिग्नलला उगाच डावा पाय दाबून बघायचो. तिथे काहीच नसायचं.

लग्नानंतर बायको आली ती पुण्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची लॅब सोडून. 'तिकडे गेल्यावर बघू' असं मी म्हटलं होतं. बघता बघता नऊ वर्षं गेली. मुलगी झाली, मोठी झाली, मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. बायको घरी होती. तिने कधी कटकट केली नाही. केली असती तर मला बरं झालं असतं, भांडून तरी घेतलं असतं.

दोन हजार सालानंतर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात कारखाने येऊ लागले. तिथल्या एका सॉस बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये तिने अर्ज केला, मुलाखत दिली आणि तिची निवडही झाली. लॅबच्या मुख्य बाईंनी एकच अट घातली: सकाळी साडेसहाला हजर व्हायचं, आणि तिकडे बस येत नाही, तेव्हा स्वतःच्या गाडीने. रुजू व्हायला दोन महिने मिळाले.

कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, एक छोटी जपानी गाडी घे. पण पार्किंग एकच. छोटी गाडी आली असती तर ती तिथे उभी राहिली असती आणि माझी गेली असती. हे मी बायकोला सांगितलं नाही. सांगितलं ते असं: "अगं, आपली गाडी आहे ना! मी ती अशी करून देतो की नव्याच्या तोंडात मारेल. मी ऑफिसला कोणाबरोबरही जाईन. गाडी तुझी."

"मला नव्याच्या तोंडात मारायची नाहीये," ती म्हणाली. "सकाळी सुरू झाली आणि एसी चालला की पुरे. आणि अहो, ऑटोमॅटिक आहे म्हणून मी लायसन्सही ऑटोमॅटिकचंच काढतेय. क्लच शिकत बसले तर वर्ष जाईल."

हे वाक्य तिने स्वच्छ उच्चारलं होतं. मी समोर बसून चहा पीत होतो. ऐकलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

गाडी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात गेली. तिथला उस्ताद पेशावरचा. हात देवाने दिलेले, पण कॅलेंडर द्यायचं विसरला असावा. त्याच्याकडे एकच वार होता, जुमेरात. "जुमेरात को इन्शाल्ला." मी दर गुरुवारी दुपारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस संपवून जायचो आणि दर गुरुवारी गाडीचा आणखी एक भाग जमिनीवर दिसायचा. एसीचा कंप्रेसर मागवला तर दुसऱ्याच मॉडेलचा आला. तो परत पाठवला तर तोच पुन्हा आला, फक्त खोका नवा. रेडिएटर दुरुस्तीला गेला आणि दुरुस्तीवाला गावी गेला. पुढची काच काढताना रबर फाटलं, आणि ते रबर म्हणे अजमानमध्ये एकाच माणसाकडे मिळतं. तो माणूस फोन उचलायचा, "यस हबीबी" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

"उस्ताद, आदमी पागल हो जाएगा," मी म्हणायचो.

"साब, पुरानी गाडी का शौक पागल ही करते हैं. चाय पियोगे?"

मी चहा प्यायचो. दुसरं करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

गिअरबॉक्स तापला की घसरायचा, इंजिन ओरडायचं आणि गाडी हलायची नाही. पाचव्या गुरुवारी उस्तादाने तो खाली उतरवून ठेवला होता. म्हणाला, "साब, दो रास्ते हैं. इसका किट मेरे पास है, दो हफ्ते में यही ऑटोमॅटिक नया कर देता हूँ. या फिर..." आणि त्याने कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स होता, अशाच एका मोडीत निघालेल्या गाडीचा, क्लचच्या पेडलसकट. वर गोल मुठीचा लांब दांडा. मी तो दांडा धरला. पहिला, दुसरा, तिसरा. काय घट्ट बसायचा प्रत्येक गिअर!

"भाभीजी भी चलाएंगी ना?" उस्तादाने विचारलं. त्याला मीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

मी म्हटलं, "वो देख लेंगे."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला वीस वर्षं लागली. बायको तोवर चार वेळा ड्रायव्हिंग टेस्टला नापास झाली होती. त्या टेस्टचा प्रकारच वैताग आणणारा होता. एका गाडीत पुढे पोलीस परीक्षक आणि मागे तीन बायका कोंबून बसलेल्या. प्रत्येकीने दहा मिनिटं चालवायचं. पहिल्या वेळी तिचं चाक फुटपाथला लागलं. दुसऱ्या वेळी हळू चालवली म्हणून नापास, तिसऱ्या वेळी चौकात जोरात घातली म्हणून. चौथ्या वेळी परीक्षक नुसतं "खलास, पीछे बैठो" म्हणाला, कारण सांगितलंच नाही. पाचवी टेस्ट पुढच्या मंगळवारी होती. आणि त्या गॅरेजात, दांडा हातात धरून, मी मनाशी म्हटलं की ही पाचव्यांदाही नापास होणार. म्हणजे नोकरी तशीही जाणार. म्हणजे गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे याने काहीच फरक पडत नाही.

हे नुसतं वाटलं नव्हतं. मी त्यावर विसंबून उस्तादाला मॅन्युअल बसवायला सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी ती बर दुबईला देवळात जाऊन, मीना बाजाराच्या गल्लीतून पेढे घेऊन थेट माझ्या ऑफिसात आली. पहिल्यांदाच आली. घामाने साडी पाठीला चिकटली होती. "पास!" एवढंच म्हणाली आणि माझ्या सगळ्या सहकाऱ्यांसमोर पेढा माझ्या तोंडात घातला. दादरवाला टाळ्या वाजवत होता. काम थांबवायला मी लगेच गॅरेजला फोन लावला. उस्ताद आनंदाने म्हणाला, "मुबारक हो साब, काम हो गया! मॅन्युअल बैठ गया. कल ले जाओ." अख्ख्या दीड महिन्यात त्याने एकच काम वेळेआधी केलं होतं.

गाडी आणली. मुलगी मागच्या सीटवर चढून म्हणाली, "बाबा, इट स्मेल्स लाइक पेट्रोल." बायको चालकाच्या जागेवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि खाली पायांकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"तीन आहेत," ती म्हणाली.

"काय करणार," मी म्हणालो. "जुना बॉक्स गेलाच होता. ऑटोमॅटिक मिळतच नाही इथे. उस्तादाने खूप शोधला. नाइलाज झाला."

तिने माझ्याकडे बघितलं आणि चक्क माझी समजूत घातली. "जाऊ द्या. तुम्ही तरी काय कराल, एवढ्या खेपा घालत होतात." मग खाली उतरून मुलीला घेऊन वर गेली. मी पार्किंगमध्ये तसाच बसून राहिलो. वॉचमन आला. "साब, थोडा पीछे." मी त्याच्यावर असा ओरडलो की पुढे आठ दिवस त्याने मला सलाम केला नाही.

माझी बायको सहज हार मानणारी नव्हती, हे मला कळायला हवं होतं. म्हणजे माझं म्हणणं तिने मानलं होतं, पण परिस्थितीपुढे हार मानली नव्हती. दोन दिवसांनी मी घरी आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर टेलिफोनची वही उघडी, उस्तादाच्या नंबरावर.

"मी गॅरेजला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, कुठूनतरी ऑटोमॅटिक मिळतोय का विचारावं. ते म्हणाले, भाभीजी, आपका वाला यहीं पडा है. साब ने ही मना किया."

मी वही मिटून बाजूला ठेवली.

"का हो?"

मला अमेरिकन आठवला, दादरवाला आठवला. यातलं एक तरी कारण मोठ्याने सांगण्यासारखं होतं का?

"एक तारखेला रुजू व्हायचंय, अकरा दिवस आहेत," ती म्हणाली. "परत बसवून आणा."

मग सुरू झालं उलट काम, आणि वैतागालाही काही सीमा असते हे उस्तादाला कोणी सांगितलेलं नव्हतं. नवा बॉक्स बसावा म्हणून त्याने गाडीच्या तळाचा पत्रा कापला होता. आता तो जोडायचा. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून लहान केला होता. तो आता लांब कसा करायचा? लेथवाला म्हणाला नवाच करावा लागेल. किट आहे असं जे म्हणाला होता ते किट उघडलं तर त्यात अर्धे वॉशर गायब. "साब, किसीने लिए होंगे." कोणी घेतले? कशाला? मी एकदा गॅरेजच्या दारात उभा राहून मराठीत पाच मिनिटं शिव्या दिल्या. उस्ताद शांतपणे ऐकून म्हणाला, "साब सही बोल रहे हैं. जुमेरात को इन्शाल्ला."

अकरा दिवसांत काम झालं नाही.

पहिल्या तारखेला बायको कारलिफ्टने गेली. कारलिफ्ट म्हणजे महिन्याचे पैसे घेऊन आपल्या गाडीतून चार-पाच जणांना कामावर सोडणारा माणूस. कोणाच्या तरी ओळखीने तिने तो शोधला, मला न विचारता. पावणेपाचला खाली उभी राहायची, कारण तो आधी अल सातवा, मग रशिदिया, मग अल कूझ अशा वस्त्या फिरून जायचा. लॅबच्या बाईंना तिने सांगितलं होतं, गाडी दुरुस्तीला आहे, महिन्याभरात येईल. माझं नाव कुठेही घेतलं नाही. त्या महिन्यात ती दोनदा उशिरा पोहोचली, आणि आणखी एकदा उशीर झाला तर नको येऊ, असं तिला सांगितलं गेलं. हे मला मुलीकडून कळलं. "मम्मा क्राइड, बट शी सेड डोन्ट टेल बाबा."

चौथ्या आठवड्यात गाडी आली. दोन पेडलं. तळाचा पत्रा वेल्डिंगच्या जाड डागांनी जोडलेला, पण एसी थंडगार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी बरोबर येतो, रस्ता दाखवतो. ती म्हणाली, "रस्ता मला पाठ आहे. या हवं तर."

तिने फार छान चालवली. ट्रक आले की लेन सोडायची नाही आणि घाईही करायची नाही. माझ्यापेक्षा बरी चालवत होती. जबल अलीकडे रस्ता मोकळा झाला तेव्हा मला राहवेना. मी सांगून टाकलं. टेस्टबद्दल. ती नापास होईल असं धरून चाललो होतो, हे.

तिने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी उजव्या लेनमध्ये घेतली.

कारखान्याच्या फाटकाशी तिने गाडी नीट लावली. नाक पट्टीच्या आत. बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली, डबा उचलला. मी उतरलो. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ऑफिसला कसा जाणार, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही. ती फाटकातून आत गेली. वळली नाही.

तिथे टॅक्सी नव्हती. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला वाळू. मी मोठ्या रस्त्याच्या दिशेने चालू लागलो. ऑफिसचे बूट, गळ्यात टाय. पाऊण तासाने कामगारांना सोडून रिकामी परत चाललेली एक बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"क्या साब, गाडी खराब हो गया?"

"नहीं," मी म्हटलं. "गाडी बिलकुल ठीक है."