अर्धीच शिकवलेली व्याजस्तुती

"उपमेचं उदाहरण दे. पुस्तकातलं नको, स्वतःचं."

सांगलीच्या कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी मला उठवलं. मी दुष्काळी माण तालुक्यातली. धनगराची. घरात कॉलेज बघितलेली पहिलीच. उभी राहिले आणि आईचं वाक्य सांगितलं, "तुजं पाय वाळल्या तळ्यावानी भेगाळल्यात."

सर हसले.

"वा! साक्षात सरस्वतीच नाचते आपल्या जिभेवर. आम्ही उगीच इतकी वर्षं ग्रंथ वाचले. मेंढरांमागं फिरलो असतो तर बरं झालं असतं."

मला खरं वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हणाले, "थँक्यू, सर."

वर्गात हशा फुटला. बाकं बडवली पोरांनी. सर फळ्याकडे वळले. मोठ्या अक्षरात लिहिलं, व्याजस्तुती.

"लिहून घ्या. वरून स्तुती, आतून निंदा. ताजं उदाहरण आत्ताच ऐकलंत."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही. माझा अपमान माझ्याच वहीत, माझ्याच हातानं.

त्या दिवसापासून हॉस्टेलवर माझं नाव सरस्वती. वर्गात मी तोंड उघडायचं बंद केलं.

दिवाळीनंतर आई आणि चुलते मेंढरं घेऊन पलूसकडं उतरले. एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. रविवारी मी तिथं गेले. जेवले. दिवसभर बोलले नाही. आईनं काही विचारलं नाही. जवळच्या एका मेंढीच्या पाठीवर थाप मारून तिलाच म्हणाली, "आगं ए, वरडंनास व्हय? मुकं मेंढरू लांडग्याला लय सोपं असतंय."

मेंढी चरत होती. तिला काय त्याचं?

ते माझ्यासाठी होतं. एकाला बोलायचं, दुसऱ्याला लागायचं. अन्योक्ती. मी ती मार्कांपुरती पाठ केली होती. कळली त्या रानात. अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईकडून. आणि राग आला. आधी माझाच. मग सरांचा.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. "काय सरस्वती, आज काय प्रसाद?"

मी उठले. फळ्याकडं गेले. खडू उचलला. पाय, उपमेय. तळं, उपमान. भेगा, दोघांतला सारखा धर्म. वानी, साम्य दाखवणारा शब्द.

"सर, चारी अंगं हायती. ह्यात काय कमी हाय, सांगा. आन् व्याजस्तुती तुमी अर्धीच शिकवली. वरनं निंदा आन् आतनं स्तुती, ह्ये बी त्यातच येतंय."

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

"जागेवर जा. वर्गाची शिस्त पाळा."

"आदी सांगा, सर. उपमा खरी का खोटी?"

सरांनी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि पुढचा धडा काढला. मी तास संपेपर्यंत उभीच राहिले. त्या वर्षी अंतर्गत गुण वर्गात सगळ्यांत कमी मला मिळाले. त्यांनी माफी मागितली नाही. मला ती नकोही होती.

आता एम.ए. करते. मराठीच. पुढं सेट देणार, प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करणार. मुलाखतीला टेबलापलीकडं असलीच माणसं बसलेली असतील, माहीत आहे मला. खुशाल विचारा. सगळे अलंकार व्याख्येसकट सांगीन, पण माझ्या बोलीत. नापास करायचं असेल तर करा. कारण मात्र कागदावर लिहा आणि खाली सही करा.