चिंचेनं घासलेला दोन पैचा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

जिंतूरकडच्या आमच्या गावात लोक जुनी नाणी घेऊन माझ्याकडे येतात. मोबाइलवर कुणीतरी हरामखोर ओरडत असतो — भोकाचा पैसा विका, लखपती व्हा — आणि इकडं बाया ट्रंका उपसतात. मी भिंग लावून साल वाचतो, काय मिळेल ते सांगतो. बहुतेकदा चहापाण्यापुरतंच. लोक म्हणतात, हा माणूस खरं बोलतो. खरं? मी?

नाण्यांतलं काही कळत नव्हतं तेव्हा असलाच एक व्हिडिओ बघून मीही हुरळलो होतो. आमच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात निजामाच्या वेळचा, तांब्याचा दोन पैचा — दोन पै किमतीचं नाणं — होता. मी दादाला सांगितलं, याचे लाख येतील. गल्लीभर सांगितलं. दादानं तर नव्या मोटारसायकलचा रंगही ठरवून टाकला.

परभणीच्या नाणेवाल्यानं तो उलटापालटा करून माझ्या हातावर परत ठेवला. "असले ढिगानं येतेत. घासलेला नसता तर पन्नास रुपये दिलो असतो."

परतताना एसटीत मी कशाचा विचार करत होतो? तोंड कसं दाखवायचं, एवढाच. आणि मग सापडलं — घासलेला नसता तर. लक्ष्मीपूजनाला ताटातली नाणी चिंचेनं घासून लख्ख करायची, हे आमच्याकडे घरोघर चालतं. आमच्या घरी ते काम वहिनीचं. घरी येऊन दादाला म्हणालो, नाणं लाखाचंच होतं — वहिनीनं घासून मातीमोल केलं.

त्या दिवसापासून दादानं तिला सोडलं नाही. घरात काही कमी पडलं की, पोरांना उद्देशून, पाहुण्यांदेखत — "तुमच्या मायनं लाख घासून टाकले." वहिनी मान खाली घालून ऐकते. चीड येते मला. दादाची येते, तिच्या गप्प बसण्याचीही येते — आणि मी कोण चिडणारा? तिला खरंच वाटतं, घराचं नुकसान आपल्या हातून झालं. तिनं नाणी घासणं सोडून दिलं. आणि मी काय करतो? नाणी घासू नका म्हणून लोकांना बजावताना उदाहरण तिचंच देतो. ती त्याच लोकांसाठी आत चहा ठेवत असते.

यंदाच्या दिवाळीला तिची नात चिंच घेऊन ताटापाशी बसली. वहिनीनं तिच्या हातावर चापट मारली. "नगं बाई. माह्यावानी करू नगं." पोरगी रडायला लागली. दादा हसला.

दोन पैचा समोरच होता, काळा पडलेला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "तुमीच सांगा तिला भाऊजी. लाखाचा व्हता का न्हाई?"

"होता," मी म्हणालो.