पाच तोळ्यांची बोरमाळ आणि नववीचा वर्ग

चौथी शिकलेल्या बाईला नववीच्या मुलांना पैशाचं शिकवायला बोलावतात, तेव्हा एक तर शाळा अडचणीत असते, नाही तर बाई आगाऊ असते. आमच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

आमचं गाव कराड-विटा रस्त्यावर. गावच्या हायस्कुलात बँकेचे एक साहेब शनिवारी येऊन मुलांना पैशाचे व्यवहार शिकवणार होते. त्यांची बदली झाली. मग शाळेतल्या मॅडम माझ्याकडे आल्या. मी बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष, तीही इतकी वर्षं, की आता निवडणूक घ्या असं कुणी म्हणतसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, "आजी, तीन शनिवार या. पैसे कसे साठवायचे, कसे जपायचे, एवढंच सांगा." मी बघते, विचार करते, असं म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "शाल-नारळ हाय का?"

सुनेनं भाकरी थापता थापता ऐकलं. मॅडम गेल्यावर म्हणाली, "आत्या, नववीची पोरं हायत. ऐकून घेतील का?"

"गटात वीस बायका ऐकत्यात."

"त्यास्नी कर्ज पायजे असतं म्हणून ऐकत्यात."

ही सून बोलते कमी. पण बोलली की आठवडाभर पुरतं.

त्याच दिवसांत घरात दुसरं चाललं होतं. माझ्या नातीला सांगलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. चार वर्षांचं शिक्षण, फी भरपूर, वर वसतिगृह. माझ्या मुलानं बँकेतून शैक्षणिक कर्जाचा फॉर्म आणला आणि रात्री जेवणानंतर भरायला बसला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कर्ज. मी म्हणाले, "माझ्या गळ्यात पाच तोळं असताना पोरीच्या डोक्यावर कर्ज? चारी वर्षांची फी मी भरती." आणि फॉर्म उचलून ठेवला, तो सकाळी पाणी तापवताना बंबात घातला. कागद छान पेटला. त्या दिवशी अंघोळीचं पाणीही मला जरा जास्तच गरम वाटलं.

पहिल्या शनिवारी इस्त्रीचं नऊवारी नेसून, बोरमाळ पदराच्या वर काढून शाळेत गेले. मुलं उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं, की त्यांना बसा म्हणायचं विसरले. शेवटी मागून एकजण म्हणाला, "आजी, पाय दुखाय लागलं की."

मी काय शिकवलं? जे गटात शिकवते तेच. आमच्या गटात एक रीत आहे, मीच घातलेली. महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली बचत सतरंजीवर सगळ्यांच्या समोर ठेवायची. "घरात काढून ठेवलेत" हे चालत नाही. "मालकांनी उद्या देतो म्हटलंय" हेही चालत नाही. दिसलं तर आहे, नाही तर नाही. या रितीपायी दोघी-तिघी माझ्याशी बोलत नाहीत, आणि गट बुडालेला नाही.

हेच मी फळ्यावर लिहिलं. माझं अक्षर वाईट आहे, आणि खडू धरून साठ वर्षं झाली होती. ओळ डावीकडून निघाली आणि उजवीकडे पोचेपर्यंत गुडघ्याइतकी खाली आली. "आपल्याकडं काय हाय ते आधी डोळ्यानं बघा." मग गृहपाठ दिला. घरात जे काही मोलाचं आहे, त्यातली एक वस्तू निवडायची. ती किती आहे, हे स्वतः मोजून, तोलून, वाचून यायचं. आई म्हणाली, आजोबा म्हणाले, असलं ऐकीव चालणार नाही.

एका पोरानं विचारलं, "आजी, फोनमधनं पैसं जात्यात ते डोळ्यानं कसं बघायचं?"

मला फोन उचलता येतो आणि ठेवता येतो. मी म्हणाले, "महिनाभराचं लिहून काढ, मग दिसतील." नंतर कळलं की फोन ते आपोआप लिहून ठेवतो. तेव्हा कुणी हसलं नाही. म्हणून तर मी दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेले.

दुसऱ्या शनिवारी वर्ग नुसता फसफसत होता. मुलांनी गृहपाठ केला होता. मला वाटलं होतं चार-पाचजण करतील, पण घरच्यांचं उकरायचं म्हटलं की नववीला कामाचा कंटाळा नसतो. एकानं सांगितलं, वडील दहा लिटर दूध म्हणतात, त्यानं मापानं मोजलं तर आठ भरलं. "आता घरात मला चहा मिळंना." एकीनं आईची विम्याची पावती वाचली, तर हप्ता दोन वर्षांपूर्वीच थांबला होता. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघितलं? ऐकीवावर जगलं की असं हुतं."

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारकी, दोन वेण्या, बोलणं सरळ. तिचे वडील गलाईवाले, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारे. आमच्याकडची, विट्याकडची पुष्कळ माणसं हाच धंदा घेऊन लांब लांब शहरांत बसली आहेत. तिचे वडील तिकडे दक्षिणेत, चुलता विट्यात.

"आजी, तुमी केलासा का गृहपाठ?"

"मी? मी मास्तरीण हाय."

"तुमच्या गळ्यातली बोरमाळ किती तोळ्याची?"

"पाच."

"तोलली कवा?"

आता खरं सांगायचं तर आमच्याकडे सोनं तोलत नाहीत. बाई गळ्यातलं काढून सोनाराच्या काट्यावर ठेवताना दिसली, की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हिच्या घरात काहीतरी झालंय. म्हणून सासू सुनेला सांगते तेच वजन. मी म्हणाले, "माझ्या सासूनं सांगितलंय."

सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "ऐकीव चालत न्हाई!"

मॅडम मागे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. ती मुलगी जागची हलली नव्हती. ती हसतही नव्हती, याचा मला जास्त राग आला. म्हणाली, "आजी, बोरमाळंच्या मण्यात लाख असती. वर नुसता पत्रा."

"माझ्या सासूच्या येळचं काम हाय हे. त्या येळी असलं करत नव्हती."

"त्याच येळी लय करायची," ती म्हणाली. "पप्पा सांगत्यात."

मी विषय बदलून पोस्टाच्या खात्यावर गेले. काय बोलले ते मला आठवत नाही.

घरी येताना एक गोष्ट मात्र आठवत राहिली. सासूनं मला साडेचार तोळे सांगितले होते. पाच मी केले. गटात एकदा कुणाशी तरी चढाओढीनं बोलताना केले, आणि पुढे तेच राहिलं. म्हणजे जे ऐकीव होतं त्यातही मी भर घातली होती. त्या पाच तोळ्यांवर मी नातीची चार वर्षं तोलून बसले होते, आणि फी पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायची होती.

सोमवारी नातीला घेऊन विट्याला गेले. गावच्या सोनाराकडे जायची हिंमत नव्हती. त्या मुलीच्या चुलत्याचा पत्ता मॅडमकडून घेतला. विचारताना म्हणाले, सहज. मॅडमही "सहज" म्हणाल्या. एसटीत नातीनं विचारलं, "आजी, कमी भरलं तर?"

"कशानं कमी भरंल?"

"न्हाई, आपलं विचारलं."

"तू नर्स हुणार हायस. आधीच वाईट बोलू नकोस."

चुलत्याचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भट्टी, काटा, कस बघायचा काळा दगड. माणूस मऊ बोलणारा. "आवं मावशी, पाणी घ्या आदी," असं त्यानं तीनदा म्हटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्याला वाईट सांगायचं असतं तो आधी पाणी देतो, गटात मीही तेच करते.

बोरमाळ काट्यावर ठेवली. पाचाला थोडी कमी. मी नातीकडे बघून मान हलवली. तो म्हणाला, "ह्ये दोरा-गोंड्यासकट झालं, मावशी. आतलं बघायचं तर एक मणी फोडावा लागंल. फोडू का?"

"फोडा की."

त्यानं चिमट्यात मणी धरून ज्योतीवर नेला. मणी फुटला आणि आतून काळपट लाल डिंकासारखं ओघळलं. वास आला. लहानपणी पोस्टाच्या पाकिटाला लाल मोहोर लावताना यायचा तसा. त्यानं सोन्याचा पत्रा चिमट्यानं उचलून दाखवला. कांद्याच्या सालीएवढा जाड म्हणावा, तर कांद्याचा अपमान होईल.

"सगळी गाळल्यावर दीड तोळ्याच्या आतच भरंल," तो म्हणाला. "लाज वाटून घेऊ नका. बायका अशाच येत्यात, दहा सांगत्यात, तीन घेऊन जात्यात."

मला लाज वाटत नव्हती. मला हिशेब येत होता, आणि तो वाईट होता. दीड तोळ्यात पहिलं वर्ष आणि वसतिगृह जेमतेम बसत होतं. पुढची तीन वर्षं ओघळून त्याच्या पाटीत पडली होती. नात माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, पण ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं झालं होतं.

"मावशी, गाळू का तशीच ठिवू?" त्यानं विचारलं. "बाकीची अजून घालता येती. एक मणी कमी, एवढंच. गावात कुणाला कळायचं न्हाई."

हे त्यानं चांगल्या मनानं म्हटलं. आणि मला मोह झाला, हे लपवत नाही. माळ तशीच घालून घरी जायचं, पाच तोळे तसेच ठेवायचे, आणि नातीला सांगायचं की पुढच्या वर्षी बघू. गटातल्या कुणी मला असं सांगितलं असतं, तर मी तिला सतरंजीवरून उठवलं असतं.

"गाळा," मी म्हणाले. "आन् लाख मला द्या."

"लाख? ती काय कामाची?"

"हाय काम."

सगळी गाळून शेवटी सोन्याची गोळी हातावर आली, ती मोठ्या चिंचोक्याएवढी. तोलली, तर तो म्हणाला होता त्याहून गुंजभर कमीच. त्यानं दर प्रामाणिक लावला. पैसे नातीच्या खात्यावर गेले, तिच्या फोनवर दिसले. लाखेचा गोळा मी पिशवीत टाकला. तो जास्त जड होता.

घरी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आये, मग फॉर्म बंबात कशाला घातलास?"

"दुसरा आण."

"मॅनेजर विचारंल, पैल्याचं काय झालं."

"सांग, म्हातारीनं पाणी तापवलं."

सून चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. हसू दे म्हटलं, इतक्या वर्षांत तिला माझ्याकडून दुसरं काय मिळालंय?

शुक्रवारी पहिल्या वर्षाची फी भरली. पावती मी स्वतः हातात घेऊन वाचली, दोनदा.

शनिवारी शाळेत गेले, तेव्हा गळ्यात नुसतं काळ्या मण्यांचं डोरलं होतं. मुलांच्या आधी ते मॅडमच्या लक्षात आलं. मी पिशवीतून लाखेचा गोळा काढून टेबलावर ठेवला. कोरडा, काळपट, वर चिमट्याचे वळ.

"ह्ये काय?" पहिल्या बाकावरचा पोरगा म्हणाला.

"माझं साडेतीन तोळं सोनं," मी म्हणाले. "माझा गृहपाठ. उशीर झाला. गट काढला तवापासनं, वीस-पंचवीस वर्षं."

वर्ग हसला. मीही त्यांना हसू दिलं. मग सगळं सांगितलं. साडेचाराचे पाच मी कसे केले तेही, आणि बंबाचंही. बंबाला सगळ्यात जास्त हसले. फक्त दोन वेण्यांची ती मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला.

"आजी, मग राहिलेल्या तीन वर्षांचं काय?"

"कर्ज. मुलगा नवा फॉर्म घेऊन आलाय, सोमवारी बँकेत जायचं. म्हणून तर आलीया. मला त्यातलं व्याज कळत न्हाई. गटाचं व्याज शेकडा महिन्याचं, ते तोंडपाठ हाय. बँकेचं येगळंच. शिकताना थांबतंय म्हणत्यात, मग वाढतंय म्हणत्यात. मुलगा सांगतो, पर त्यो बी अंदाजानंच सांगतो. ऐकीवावर मी आता सही करायची न्हाई."

फॉर्म मी टेबलावर ठेवला. ती मुलगी उठली, फॉर्म घेतला आणि फळ्याकडे गेली. माझी गुडघ्यापर्यंत घसरलेली ओळ मॅडमनी भोवती चौकट आखून कुणाला पुसू दिली नव्हती. तिनं ती तशीच ठेवून बाजूला सरळ अक्षरात व्याजाचा दर लिहिला, खाली वर्षं मांडली. तिच्या बाकावर जागा रिकामी होती. मी तिथे जाऊन बसले. बाक माझ्या मापाचा नव्हता, गुडघे खालच्या फळीला लागत होते. शेजारच्या मुलीनं सरकून वही आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

चौथीनंतर मी थेट नववीत बसले. दोन वेण्यांच्या मास्तरणीनं मागे वळून विचारलं, "आजी, हितपर्यंत कळलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "परत सांग."